पट्टी काढणं कुणाच्या हाती?

मैत्रिणींनो, मागच्या बैठकीत एकीने विचारलं होतं, "माझी भाची अमेरिकेत गर्भनिरोधक पट्टी लावते. रोज गोळीची कटकट नाही. आपल्याला का नाही मिळत?" तेव्हा मला नीट सांगता आलं नाही. आज सांगते.

ही लहानशी चिकटपट्टी. तिच्यातून इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन ही संप्रेरकं कातडीवाटे रक्तात जातात. दंडावर, पोटावर किंवा कुल्ल्यावर लावायची, स्तनांवर नाही. दर आठवड्याला नवी, असे तीन आठवडे. चौथा आठवडा बिनपट्टीचा, त्यात रक्तस्राव होतो.

अमेरिकेत तिला २००१ साली मान्यता मिळाली. आणि २००५ साली तिथल्या औषध प्रशासनाने इशारा दिला, की नेहमीच्या गोळीपेक्षा या पट्टीतून सुमारे ६० टक्के जास्त इस्ट्रोजेन शरीरात जातं. म्हणजे चार वर्षं बायकांनी वापरल्यावर! इस्ट्रोजेनमुळे रक्तात गुठळी होण्याचा धोका असतो. पोटरी सुजून दुखली, एकाएकी दम लागला, छातीत दुखलं, तर दवाखाना गाठायलाच हवा. रक्तदाब असलेल्या, पूर्वी गुठळी झालेल्या किंवा पस्तिशीपुढच्या सिगारेट-विडी ओढणाऱ्या बाईने ती लावूच नये.

तरीही एक गोष्ट मला मोलाची वाटते. नको वाटली तर बाई ती स्वतःच्या हाताने काढू शकते. इंजेक्शनचं तसं नाही. नेट-एन या इंजेक्शनच्या चाचण्यांविरुद्ध स्त्री शक्ती संघटना आणि इतर गट १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात गेले, ते बायकांना पुरती माहितीच दिली जात नव्हती म्हणून. पट्टी आपल्या सरकारी कार्यक्रमात नाही. पण 'अंतरा' इंजेक्शन २०१७ पासून आहे. एकदा टोचलं की तीन महिने ते अंगातून काढता येत नाही, मग रक्तस्राव कितीही लांबो.

हे सगळं मी वस्तीत सांगितलं, तेव्हा एक बाई म्हणाली, "ताई, पट्टी सासूला दिसेल. नवऱ्याला दिसेल. सुई कुणाला दिसत नाही."

खरं सांगते, मी गप्प झाले. काढता येण्याचं स्वातंत्र्य मी मोजत होते. तिला लपवता येणं हवं होतं. तिला मी अंतराचे सगळे परिणाम सांगितले, पाळी बिघडते हेही. रक्तदाब तपासून घेतला. तिने इंजेक्शनच घेतलं. पुढच्या तारखेला मी तिच्याबरोबर जाणार आहे.