नवा फ्रीज घरात आला

गटाचं कर्ज काढून आपल्यापैकी बऱ्याच जणींनी फ्रीज घेतला. आमच्या गटात पहिला फ्रीज आला, तेव्हा कौतुकाच्या भरात आम्ही तो आला तसा बोर्डाला जोडला. पावसात ओल्या हाताने दार धरलं आणि हाताला झिणझिण्या आल्या. घराला अर्थिंगच नव्हतं. थोडक्यात निभावलं.

म्हणून आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. तीन पिनांचाच प्लग लावा. आपली जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी पडते, तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओता. फ्रीज भिंतीपासून चार-सहा बोटं पुढे आणि चुलीपासून लांब ठेवा. टेम्पोतून आडवा आणला असेल, तर काही तास उभा ठेवून मगच चालू करा.

मासळी साफ करून झाकणाच्या डब्यात, खालच्या कप्प्यात ठेवा. वर ठेवली तर तिचं पाणी दुधा-भाजीवर गळतं.

वीज गेली की दार उघडू नका. बंद फ्रीजमध्ये साधारण ४ तास गारवा टिकतो. त्यानंतर मासळी, दूध, कालवण वास येत नसला तरी खाऊ नका. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडात कित्येक दिवस वीज नव्हती. तेव्हा घर चाललं ते सुक्या मासळीवर आणि आमसुलांवर. फ्रीज आला तरी पावसाळ्याची ती बेगमी सोडू नका, बायांनो!