पाण्याखालची स्कूटर आणि आमच्या वावरातली विहीर

आम्ही आर्वी तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बाया. मागच्या खेपेला आम्ही तुरीच्या डाळीच्या हिशोबावर बोललो होतो. आजचा विषय ऐकून तुम्ही हसाल. आम्हीही हसलो होतो. विषय आहे पाण्याखाली चालणारी स्कूटर.

झालं असं की आमच्यातल्या एकीचा भाचा मालवणजवळ तारकर्लीला गेला होता. तिथं आपल्या पर्यटन महामंडळाची संस्था आहे, समुद्रात सिलिंडर लावून बुडी मारायला शिकवतात. पोरगा शिकून आला आणि दिवाळीत बैठकीला येऊन बसला. मोबाईलवर त्यानं एक चित्रफीत दाखवली. एक माणूस काळोख्या गुहेत, पूर्ण पाण्याखाली, हातात तोफगोळ्यासारखं काहीतरी धरून सुळकन चाललाय. पुढं मोठा दिवा. मागं पंखा फिरतोय. भाचा म्हणाला, ही स्कूटर. बॅटरीवर चालते, माणसाला ओढत नेते.

आमच्या म्हाताऱ्या मावशींनी लगेच विचारलं, "अन् मधात बंद पडली तं?"

पोरगं म्हणालं, "मावशी, शिकवणीत सगळ्यात जास्त वेळ ह्याच एका प्रश्नावर जातो." मग त्यानं जे सांगितलं ते आम्ही तासभर ऐकत बसलो. कर्जाचे हप्ते त्या दिवशी उशिराच गोळा झाले.

समुद्रात बुडी मारली आणि काही बिघडलं, तर डोक्यावर मोकळं पाणी असतं, सावकाश वर येता येतं. गुहेत डोक्यावर दगड. जिथून आत गेलो तिथूनच परत यायचं, तेवढाच रस्ता. म्हणून गुहेत जाणारे आपल्या हवेचे तीन वाटे करतात. एक वाटा आत जायला, एक परत यायला, आणि तिसरा हात न लावता ठेवायचा. स्वतःसाठी नाही तर सोबत्यासाठी, त्याची हवा संपली तर. पहिला वाटा संपला की वळायचंच, मग पुढं कितीही सुंदर दिसो. दारापासून आतपर्यंत दोरी लावत जायची. खालचा गाळ उठला की दिवा असून नसल्यासारखा, हातसुद्धा दिसत नाही. तेव्हा दोरी हातात धरून चाचपडत बाहेर यायचं. दिवेही एक नाही, तीन न्यायचे.

हे नियम कुणी पुस्तकात बसून काढलेले नाहीत. अमेरिकेत शेक एक्स्ले नावाचे एक गणिताचे शिक्षक होते, स्वतः गुहांत बुडी मारायचे. गुहांत माणसं कशी मेली, एकेका अपघाताची त्यांनी तपासणी केली आणि १९७९ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. कुणाकडे दोरी नव्हती, कुणी परतीची हवा ठेवली नव्हती, कुणी फार खोल गेलं होतं. पुढं १९९४ मध्ये मेक्सिकोतल्या एका फार खोल पाण्यात ते स्वतःही गेले. नियम करणाऱ्यालाही पाणी सोडत नाही.

आता स्कूटरकडे येऊ. पायानं पोहत माणूस जेवढं अंतर कापतो, त्याच्या तिप्पट तरी स्कूटर नेते. दमही कमी लागतो, हवा कमी खर्च होते. २००७ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या फ्लोरिडात दोन जणांनी स्कूटरवर जमीन खचून झालेल्या एका पाण्याच्या खड्ड्यातून एका झऱ्यापर्यंत सुमारे ११ किलोमीटर पाण्याखालून प्रवास केला. पण धोकाही ह्याच सोयीत आहे. स्कूटरनं माणूस दहा मिनिटांत इतका आत जातो, की ती बंद पडली तर पायानं परत यायला अर्धा तास लागावा. आणि हवा त्यानं दहा मिनिटांच्याच हिशोबानं आणलेली. म्हणून हवा मोजायची ती स्कूटर सगळ्यात लांबच्या ठिकाणी बंद पडली असं धरून. बॅटरीसुद्धा सगळी वापरायची नाही.

शिकवणीत काय करून घेतात तेही ऐका. आधी स्कूटरशिवाय गुहेत जाणं पक्कं झालेलं पाहिजे, त्याशिवाय तिला हात लावू देत नाहीत. मग उघड्या पाण्यात चालवायची. पंख्यात दोरी अडकली तर काय, चालू करायचं बटण दाबलेलंच अडकलं आणि ती थांबेना तर काय, सोबत्याची बंद पडली तर त्याला आणि त्याच्या मेलेल्या स्कूटरला आपल्यामागं ओढून कसं आणायचं, हे सगळं हातानं करून दाखवावं लागतं. पंख्याचा झोत खाली गेला तर गाळ उठतो, म्हणून ती कशी धरायची तेही. दिवे बंद करून, डोळे झाकून दोरीवरून परत यायला लावतात. भाचा म्हणाला, "मला अजून कुणी गुहेत पाऊलसुद्धा ठेवू देणार नाही. माझं शिक्षण समुद्रातलं, गुहेचं वेगळं." पोराचा हा शहाणपणा त्याच्या मावशीला फार आवडला.

एक नियम मात्र आम्हाला सगळ्यांत भावला. चमूतल्या कुणीही, कधीही, "परत फिरा" अशी खूण केली की सगळ्यांनी फिरायचं. कारण विचारायचं नाही. बाहेर आल्यावरही टोमणा मारायचा नाही.

तुम्हाला थायलंडची गोष्ट आठवत असेल. २०१८ चा जून, फुटबॉल खेळणारी बारा पोरं आणि त्यांचा शिक्षक थाम लुआंग नावाच्या गुहेत पावसाच्या पाण्यानं कोंडले. नवव्या दिवशी, २ जुलैला, ब्रिटनच्या दोन बुडी मारणाऱ्यांना ते सापडले. ८ ते १० जुलैला सगळे तेरा जण जिवंत बाहेर आले. पाणी उपसायच्या कामी सल्ला द्यायला आपल्याकडच्या किर्लोस्कर कंपनीची माणसं गेली होती, त्यांत सांगलीचे प्रसाद कुलकर्णी होते. किर्लोस्करवाडीला पंपही तयार ठेवले होते. पण ६ जुलैला समन कुनान हे थाई नौदलातले माजी जवान, आत हवेचे सिलिंडर पोचवून परत येताना पाण्यातच बेशुद्ध पडले आणि गेले. पोरांची सुटका अजून सुरूही झाली नव्हती.

हे सगळं आम्ही तुम्हाला का सांगतोय? आपल्या जिल्ह्यात कुणी स्कूटर घेऊन गुहेत जाणार नाही. पण विहिरीत उतरतं. दर उन्हाळ्यात उतरतं. संत्र्याचा बगीचा जगवायचा म्हटलं की पाणी खाली जातं तशी मोटार खाली सरकवावी लागते, गाळ काढायला यारी लावावी लागते. आणि विहीरही गुहेसारखीच, परतीचा रस्ता एकच.

मागच्या मे महिन्यात आमच्याच शिवारात घडलेली गोष्ट. विहिरीतल्या टप्प्यावर डिझेल इंजिन ठेवून सकाळभर पाणी उपसलं होतं. दुपारी आमच्यातल्या एकीचा नवरा मोटार बांधायला खाली उतरला. थोड्या वेळानं वरून हाक मारली तर उत्तर नाही. वाकून पाहिलं तर भिंतीला टेकून बसलेला, मान खाली. धाकटा भाऊ लगेच धोतर खोचून पायऱ्या उतरायला लागला. त्याच्या वहिनीनं, म्हणजे ज्या बाईचा नवरा खाली होता तिनंच, दिराचा सदरा मागून धरला आणि सोडलाच नाही. तो ओरडत होता, "वहिनी, सोडा, दादा मरन!" ती म्हणे, "भाऊजी, तुम्ही पण तिथंच पडाल."

नशीब एवढंच, की मोटार बांधायचा दोर खाली उतरलेल्यानं आधी आपल्याच कमरेला गुंडाळला होता, दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून. दोर मोटारीसाठी होता, माणसासाठी नव्हता. चौघांनी रहाटावरून ओढला. वर आल्यावर वारा लागला, तासाभरानं बोलायला लागला. दवाखान्यात दोन दिवस राहिला.

आणि सगळ्यांना असा दोर मिळत नाही. ९ एप्रिल २०२४, गुढीपाडव्याचा दिवस. नगर जिल्ह्यात नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावी एक मांजर जुन्या विहिरीत पडलं. त्या विहिरीत शेणाची मळी साठवलेली होती. मांजर काढायला एक जण उतरला, त्याला काढायला दुसरा, मग तिसरा. पाच जण गेले. सहावा वाचला, कारण त्याच्या कमरेला दोर होता.

विहिरीतला वायू कसा असतो, एवढं नीट समजून घेऊ. शेण, पाला, गाळ कुजला की त्यातून वायू निघतो. काही वायू हवेपेक्षा जड, ते तळाशी साचतात. सडक्या अंड्याचा वास येतो तो वायू जास्त झाला की नाक बधिर होतं आणि वासच येईनासा होतो. म्हणजे वास गेला म्हणून वायू गेला असं समजू नका. इंजिनाच्या धुरातल्या वायूला तर वासच नाही. आपली जुनी माणसं कंदील सोडून पाहायची. कंदील विझला तर उतरायचं नाही, हे खरंच. पण तो जळत राहिला म्हणजे विहीर चांगली, असं मात्र नाही, कारण इंजिनाचा विषारी वायू कंदिलाला कळत नाही. लिंबाच्या फांद्या खालीवर करण्याचंही तसंच, त्यानं थोडी हवा हलते, खात्री होत नाही. बायोगॅसच्या खड्ड्यात तर उतरायचंच नाही. कुणी खाली पडलं तर ११२ किंवा १०१ ला फोन करायचा, आणि दोराशिवाय कुणालाही जाऊ द्यायचं नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना. जमेल तेवढी हवा वरून पंख्यानं सोडत राहायची.

आमच्या गटानं बचतीतून शंभर फूट जाड दोर घेतला, आणि वायरमन खांबावर चढताना बांधतात तसा छाती-खांद्याचा पट्टा. नुसता हातात धरलेला दोर कामाचा नाही, भोवळ आली की मूठ सुटते. पट्टा बांधायचा, दोर रहाटावरून घ्यायचा, वर ओढायला चार माणसं उभी असल्याशिवाय पहिलं पाऊल टाकायचं नाही. इंजिन विहिरीत उतरवायचं नाही, काठावरच ठेवायचं, धूर आत जाणार नाही अशा बाजूला.

सुरुवातीला माणसं हसली. "बाया आता विहिरीचं शिकवतील," म्हणाली. एकानं तर पट्टा बैलाला बसतो का पाहिला. मग आम्ही भाच्याची ती खूण वापरायला लागलो. काठावर उभ्या असलेल्या कुणीही, बाई असो की पोर, "वर या" म्हटलं की खालच्यानं वर यायचं, कारण विचारायचं नाही. मार्चपासून तीनदा तसं झालं. दोनदा काही नव्हतं, उगाच भीती. तिसऱ्यांदा खालच्याचं डोकं दुखत होतं, तो सांगायला लाजत होता.

दोर सध्या अंगणवाडीशेजारी आमच्या अध्यक्षबाईंच्या पडवीत खुंटीला टांगलेला असतो. भाडं घेत नाही. फक्त दोन अटी आहेत. नेणाऱ्यानं वहीत सही करायची, आणि त्याला गुरं बांधायची नाहीत. दुसरी अट आम्ही उशिरा घातली, एकदा दोर परत आला तेव्हा त्याला शेण लागलेलं होतं म्हणून.