वेग आणि दाब

मोटारींची शर्यत आणि कॉफीचा पेला यांचे नाते जोडू पाहणाऱ्या वक्त्याकडे आपण किंचित साशंकतेने पाहाल, हे मी जाणतो. परंतु हे नाते इटलीतील मिलान शहराने फार पूर्वीच जोडून ठेवले आहे. वाफेच्या दाबावर कॉफी काढणाऱ्या यंत्राचे पेटंट लुइजी बेझेरा यांनी १९०१ साली नोंदवले, ते याच शहरात. आणि १९२२ साली शर्यतीचा मार्ग बांधला गेला, तो येथून जवळच, मोंझा येथे.

‘एस्प्रेसो’ या शब्दाशी अनुवादक म्हणून मी पुष्कळ झुंजलो आहे. त्यात दाबून काढणे आहे, आगगाडीची त्वरा आहे आणि मागणाऱ्यासाठी खास, तत्क्षणी करणेही आहे. मराठीत हे तिन्ही अर्थ एका शब्दात मावत नाहीत. म्हणून मी मूळ शब्दच ठेवतो.

मात्र केवळ त्वरेलाच या दोहोंतील साम्य मानले, तर आपली फसगत होईल. वाफेच्या यंत्रातून कॉफी लवकर निघे, पण करपट लागे. दुसऱ्या महायुद्धानंतर आकिले गाज्जा यांच्या तरफेच्या यंत्राने गरम पाणी अधिक दाबाने ढकलले, तेव्हा कोठे पेल्यावर ती फेसाळ साय आली. वातावरणाच्या सुमारे ९ पट दाबाने, २५ ते ३० सेकंदांत पाणी भुकटीतून उतरावे, असा संकेत आहे. दळण जाडसर असेल तर पाणी निसटते आणि चव आंबट होते. फार बारीक असेल तर कडवट. म्हणूनच निवडक मळ्यांची कॉफी करणारे आजचे कारागीर ग्रॅमच्या दशांशापर्यंत भुकटी तोलतात. चालकही वळणापूर्वी ब्रेक असाच तोलतो: लवकर लावला तर वेळ जातो, उशिरा लावला तर वळण हुकते. १९७१ साली मोंझा येथे पीटर गेथिन जिंकले, ते सेकंदाच्या अवघ्या शंभराव्या भागाने. पहिले ५ जण एका सेकंदाच्या आत होते.

येथवर साम्य ठीक. पण १९६१ साल पाहा. त्या वर्षी मिलानच्या फाएमा कंपनीने ई-६१ हे पंपाचे यंत्र आणले आणि तरफ ओढणाऱ्या हातांचे श्रम वाचले. त्याच वर्षी १० सप्टेंबर रोजी मोंझा येथे वोल्फगांग फॉन ट्रिप्स यांची मोटार प्रेक्षकांवर जाऊन आदळली. ते स्वतः आणि डझनाहून अधिक प्रेक्षक मृत्युमुखी पडले. बिघडलेला पेला मोरीत ओतून दुसरा करता येतो. त्या दिवशीची शर्यत थांबवलीही गेली नाही. फिल हिल ती जिंकले आणि जगज्जेते ठरले.