परकराला खिसा
(शिवणवर्गाच्या पहिल्या दिवशी केलेले भाषण)

मैत्रिणींनो, सुरुवात ब्लाऊजपासून नको, परकरापासून करू. त्याच्या शिवणी सरळ असतात. सुती कापड आधी भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्याच धुण्यात आटेल. अंगाला बसणारा जुना परकर मापाला घ्या, शिवणीसाठी अर्धा इंच जादा धरून कापा. आधी हाताने कच्चा धावदोरा, मग मशीन. आतून एक खिसा जरूर लावा.

आता मशीनबद्दल. १९८८ साली विट्याला परित्यक्तांची परिषद झाली. सांगली-साताऱ्यातल्या या बायकांनी स्वतंत्र रेशनकार्ड मागितले. कागदावर नाव नसले की हक्क सांगणे किती कठीण, हे त्यांनी भोगले होते. म्हणून मशीन घ्याल तेव्हा पावती स्वतःच्या नावाची घ्या, आणि ती त्या खिशात ठेवा.