आडून ऐकणें

पुतण्यानें मुंबईहून एक बिनतारी यंत्र आणून आमच्या नेकनूरच्या माळवदावर चालू केलें. लहरींमागून लहरी चाळून तें संभाषणें टिपतें. “काका, मुंबईंत यावर रेल्वे पोलिसांचें बोलणें सांपडतें!” मला धास्ती वाटली. परवान्यावांचून असें यंत्र बाळगण्यास १९३३ च्या कायद्यानेंच मनाई केली होती. शिवाय २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र आठवली. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर विष्णु झेंडे यांनीं ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांस सावध केलें. तें सर्वांसाठींच होतें. परंतु त्याच हल्ल्यांत दूरचित्रवाणीवर सुरक्षादलांच्या हालचाली पाहून दूर बसलेले सूत्रधार मारेकऱ्यांना सूचना देत होते. मग पोलिसांचें आपसांतलें बोलणें कोणाच्या कानीं पडेल, याचा काय नेम? पुतण्या रुसला. शेवटीं त्याच यंत्रावर बीड आकाशवाणी लावून दिली, तेव्हां कोठें जेवावयास उठला.