प्लॉट, कब्जा आणि रजिस्ट्री



या व्याख्यानमालेत काल वेदान्तावर बोलणे झाले, उद्या विज्ञानावर होणार आहे. आणि मधल्या दिवशी आम्ही आपल्यापुढे प्लॉटची गोष्ट घेऊन उभे आहोत. चालकांनी हा विषय सुचवला तेव्हा आम्हांलाही थोडा संकोच वाटला. पण नागपुरात चार माणसे एकत्र बसली की पहिल्या चहाला उन्हाळ्याची चर्चा होते आणि दुसऱ्या चहाला प्लॉटच्या भावाची, हे आपण सर्वजण जाणतो. तेव्हा जे घरोघरी चालते ते एकदा व्यासपीठावर चालले तर बिघडले कोठे?

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले वाडवडील सांगून गेले. त्यात एक उणीव राहिली आहे. घर ज्या जमिनीवर बांधायचे ती जमीन कशी पाहावी, हे त्यांनी सांगितले नाही. त्यांना त्याची गरज नसावी. महालात किंवा इतवारीत वाडा कोणाचा आहे, हे सगळ्या गल्लीला पाठ असे. आज खरीदणारा धंतोलीत राहतो, जमीन हुडकेश्वरच्या पलीकडे असते, मूळ मालक तिसऱ्याच गावी असतो आणि या तिघांची ओळख करून देणारा मध्यस्थ चहाच्या टपरीवर मोटारसायकल टेकवून उभा असतो.

आमची स्वतःचीच कथा सांगतो. १९८६ साली आम्ही आणि आमच्या कचेरीतील एक स्नेही, दोघांनी मिळून शहराच्या दक्षिणेला शेजारशेजारचे दोन प्लॉट घेतले. प्रत्येकी दीड हजार चौरस फूट. विकणारी एक गृहनिर्माण संस्था होती. तिचे नाव घेण्यात आता अर्थ नाही. महिन्याला दोनशे रुपये, असे साठ हप्ते. हप्ता भरला की पिवळ्या पुस्तकात शिक्का बसे. साठावा शिक्का बसला त्या दिवशी आम्ही घरी पेढे आणले. संस्थेने दहा रुपयांच्या स्टॅम्पवर ‘कब्जापत्र’ लिहून दिले आणि चुन्याने आखलेल्या चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार दगड रोवून दिले. आम्ही विचारले, रजिस्ट्रीचे काय? कारभारी म्हणाला, “साहेब, सिलिंगची परवानगी येऊ द्या, मग एका दिवसात सगळ्यायच्या रजिस्ट्र्या लावून देतो. आन् रजिस्ट्री कशाले पाहिजे एवढी? कब्जा तर तुमचाच हाय ना!”

हे वाक्य नागपुरातील हजारो कुटुंबांनी ऐकलेले आहे, म्हणून ते जसेच्या तसे सांगितले. त्यात थोडे सत्य होते, हीच त्यातली गोम. शहरी जमीन कमाल धारणेचा कायदा १९७६ सालचा. नागपूर त्याच्या कक्षेत होते आणि परवानग्या खरोखरच अडत होत्या. तो कायदा महाराष्ट्रात २००७ च्या नोव्हेंबरात उठला. पण तोवर वीस वर्षे निघून गेली होती आणि ज्या शेतकऱ्याच्या शेतावर आमचे चौकोन आखले होते तो वारला होता. सातबाऱ्यावर त्याचे नाव होते, मग त्याच्या पाच वारसांची चढली. आमचे नाव तेथे कधी नव्हतेच. वारसांपैकी एकाने आमच्या रांगेतील काही प्लॉट दुसऱ्यांना विकले, आणि ते मात्र रीतसर नोंदणी करून.

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा १८८२ सालचा. शंभर रुपयांची किंवा त्याहून अधिक किमतीची स्थावर मिळकत विकायची तर विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते, असे त्यात स्वच्छ लिहिले आहे. बयाणा दिला, इसारचिठ्ठी केली, कब्जा घेतला, कुंपण घातले, तरी विक्री झाली असे होत नाही. विक्रीच्या कराराने मालकी येत नाही. करार पुरा करून मागण्याचा हक्क तेवढा येतो, आणि तो मागण्यालाही मुदत असते. पुढे पुष्कळ ठिकाणी विक्रीपत्राऐवजी आममुखत्यारपत्रावर जमिनी फिरू लागल्या. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावरही निकाल दिला की मुखत्यारपत्राने मालकी बदलत नाही. मुखत्यार हा मालकाचा हस्तक. तो मालकाच्या वतीने सही करू शकतो, पण मुखत्यारपत्र हातात आले म्हणून तो स्वतः मालक होत नाही.

मग रजिस्ट्री झाली म्हणजे गंगेत घोडे न्हाले काय? तसेही नाही, आणि येथे सुशिक्षित माणूसही फसतो. दुय्यम निबंधक दस्ताची नोंद करतो. विकणारा खरा मालक आहे की नाही याची हमी तो देत नाही. सातबारा हाही मुळात सारावसुलीसाठी ठेवलेला अभिलेख. त्यावर नाव असणे हा पुरावा आहे, पण तो खोडून काढता येतो. फेरफाराने नाव लागते, मालकी जन्माला येत नाही. म्हणून एका कागदावर भिस्त ठेवू नये. मागील तीस वर्षांत ही जमीन कोणाकडून कोणाकडे गेली, त्याची साखळी वकिलाकडून तपासून घ्यावी. शहरातील मोजणी झालेल्या भागात आखीव पत्रिका पाहावी, बाहेर सातबारा आणि त्यामागचे फेरफार पाहावेत. हे उतारे आता घरबसल्या संगणकावर दिसतात; पूर्वीसारखे तलाठ्याच्या दारात ताटकळावे लागत नाही. पण पाहणारा मात्र पाहिजे. साडी घेताना आपण काठ, पदर, उलटी बाजू सगळे पाहतो आणि वीस लाखांचा प्लॉट दुचाकीवरून न उतरता पाहून येतो!

नागपूरची आणखी एक खासियत आहे. येथे ‘प्लॉट’ या एका शब्दात निरनिराळे हक्क दडलेले असतात. १९३६ च्या कायद्याने नागपूर सुधार प्रन्यास जन्माला आला. त्याच्या योजनांतील भूखंड बहुधा तीस वर्षांच्या भाडेपट्ट्यावर दिलेले. तेथे तुम्ही जमिनीचे धनी नसून पट्टेदार आहात. भूभाटक भरायचे, पट्ट्याचे नूतनीकरण करायचे आणि विकताना प्रन्यासाची परवानगी घ्यायची. नझुलाची जमीन सरकारची. तिचाही पट्टाच, आणि त्याच्या अटी वेगळ्या. शेतजमीन भोगवटादार वर्ग दोनची असली तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून ती विकताच येत नाही. आणि यांशिवाय उरलेला मोठा पसारा म्हणजे शेते कापून पाडलेल्या अभिन्यासांचा, ज्यांना आपण लेआउट म्हणतो.

या लेआउटांनी नागपूरच्या बोलीला दोन आकडे दिले: ५७२ आणि १९००. परगावच्या माणसाला ते बसगाड्यांचे नंबर वाटतील. परवानगीवाचून पाडलेले आणि मागाहून नियमित करावयाला घेतलेले लेआउट, त्यांची ही मोजदाद. २००१ साली राज्याने गुंठेवारीचा कायदा केला आणि त्या वर्षाच्या १ जानेवारीपूर्वीच्या अशा विकासाला नियमित होण्याची वाट मोकळी झाली. २०२१ साली ती मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे नेण्यात आली. अर्ज करायचा, मागणीपत्र आले की विकासशुल्क भरायचे, आणि मग नियमितीकरणाचे पत्र मिळते. तेच नागपूरचे सुप्रसिद्ध ‘आर.एल.’. जाहिरातीत ‘आर.एल. प्लॉट’ असे लिहिले की भाव चढतो, आणि ते योग्यच आहे. कारण त्यावाचून नकाशा मंजूर होत नाही आणि कर्जही सहसा मिळत नाही.

पण आर.एल. म्हणजे मालकी नव्हे. हा घोटाळा आम्ही इतक्यांदा पाहिला आहे की पुन्हा सांगतो. त्या पत्राने प्लॉट नियमित होतो. प्लॉट कोणाचा, हा तंटा त्याने सुटत नाही. उलट, रजिस्ट्री निर्दोष असूनही प्लॉट लेआउटच्या उद्यानात किंवा विकास योजनेतील रस्त्यावर येत असेल, तर ती रजिस्ट्री उशाशी घेऊन झोपावे, घर काही तेथे बांधता येणार नाही. दोन्ही गोष्टी लागतात. जमीन कोणाची, हा एक प्रश्न; त्या जमिनीवर काय करू देतील, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर दस्तांत आणि दुसऱ्याचे नियोजन करणाऱ्या कचेरीत. शहरात कोठे महानगरपालिका, कोठे सुधार प्रन्यास. शहराबाहेर २०१७ पासून महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. मध्यस्थाने “सगळे क्लिअर आहे” असे म्हटले की कोणत्या कचेरीतून क्लिअर, एवढेच विचारावे. त्याच्या चेहऱ्यावरून पुष्कळ कळते.

नव्या प्रकल्पांच्या बाबतीत आताचा काळ आमच्या काळापेक्षा बरा, हे कबूल केले पाहिजे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानुसार पाचशे चौरस मीटरहून मोठा लेआउट किंवा आठांहून अधिक सदनिकांची इमारत, तिची महारेराकडे नोंदणी झाल्याशिवाय जाहिरातसुद्धा करता येत नाही. किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घ्यायची तर आधी करार नोंदवावा लागतो. मध्यस्थालाही नोंदणी लागते. आम्हांला साठ हप्ते भरून कब्जापत्र मिळाले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे हा फरक केवढा आहे ते कळेल.

कागद झाले, आता मातीकडे वळू. आपल्याकडील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावरच पाया टेकला तर दोनतीन वर्षांत भिंतींना तिरप्या चिरा पडतात आणि मालक गवंड्याला शिव्या देतो. मुरूम लागेपर्यंत खणावे, किंवा जाणत्या अभियंत्याला विचारून पाया घ्यावा. प्लॉट शक्यतो पावसाळ्यात पाहावा. उन्हाळ्यात सारीच जमीन कोरडी दिसते. शेजारच्या म्हाताऱ्याला विचारावे, बाबा, जुना नाला कोठून वाहत होता? २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी फुगली आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट यांसारख्या चांगल्या वस्त्यांत माणसे झोपेतून उठून पाण्यात उभी राहिली. भाव चढा असलेल्या वस्तीतही पाणी आपली जुनी वाट विसरत नाही.

विकणाऱ्यांसाठी दोनच शब्द. भलत्या माणसाला आममुखत्यारपत्र देऊन मोकळे होऊ नका. त्याने केलेल्या व्यवहाराची झळ तुम्हांला लागते. आणि दस्तात किंमत कमी दाखवून वरचे पैसे रोख घेण्याच्या मोहात पडू नका. यात लबाडी आहे ती आहेच, शिवाय धोकाही आहे: रोख बुडाली तर ती मागायला कोणत्या तोंडाने न्यायालयात जाणार?

ज्यांची घरे झाली आहेत, प्लॉट पडून आहेत, मुले पुण्याला किंवा अमेरिकेत आहेत, अशी मंडळी या सभागृहात पुष्कळ दिसतात. रिकाम्या प्लॉटवर दुसऱ्याने उघडपणे, मालक म्हणून बारा वर्षे ताबा ठेवला, तर मुदतीच्या कायद्याने मूळ मालकाचा दावाच बाद होऊ शकतो. कुंपण घाला, कर भरा, वर्षातून दोनदा जाऊन या. भूमी अभिलेखाकडून मोजणी करून तिची ‘क’ प्रत घरात ठेवा. घरातला कर्ता गेला की तेरावा दिवस झाल्यावर वारसांची नावे लावण्याचे काम काढा. मुलींची नावेसुद्धा! बहिणींना हक्क आहे, तो त्यांनी सोडायचा असेल तर हक्कसोडपत्र नोंदवून सोडावा. “ताई काही मागणार नाही” हे वाक्य कोणत्याही अभिलेखात चढत नाही.

आमच्या प्लॉटचे पुढे काय झाले, असे कोणी विचारील. आम्ही वारसांकडे गेलो, पाचांपैकी पाचांना एका दिवशी कचेरीत आणायला सात महिने लागले, आणि त्या दिवशीच्या भावाने थोडी रक्कम पुन्हा मोजून विक्रीपत्र नोंदवून घेतले. एकाच जमिनीचे पैसे दोनदा दिले. आमची पत म्हणून जमले.

आमच्या स्नेह्यांचे जमले नाही. ते त्याआधीच वारले होते आणि त्यांचा प्लॉट दुसऱ्याच्या नावे नोंदवला गेला होता. त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, गेल्या दिवाळीनंतर घरी आल्या होत्या. दिवाणी दावा चालू आहे. त्यांनी पिशवीतून ते पिवळे पुस्तक काढले. साठही शिक्के अजून स्पष्ट वाचता येतात. प्रत्येक शिक्क्यापुढे आमच्या स्नेह्यांनी आपल्या नीटस अक्षरात तारीख घातली आहे, एक हप्ताही चुकलेला नाही. “भाऊजी, एवढे सारे भरलेले आहे, हे कोणी बघणार नाही का हो?” असे त्यांनी विचारले. आम्ही ते पुस्तक वकिलाकडे घेऊन गेलो. पुढची तारीख जूनमधली आहे.

वेळ संपल्याची घंटा झाली. ज्यांना काही विचारायचे असेल त्यांनी खाली भेटावे. कागद सोबत असतील तर अधिक बरे.