सात कोंबड्या, सात स्वभाव
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



धानाच्या भावावर बोलून झालं. आता थोडं कोंबडीवर बोलू द्या. मागे बसलेले काहीजण हसले, ते आम्ही पाहिलं. हसा. पण घरी गेल्यावर विचारा, रोवणीच्या दिवसांत हाती दमडी नसताना पोरांच्या वह्या कशातून आल्या.

आमच्या घरी सात कोंबड्या. कागदावर त्यांची नोंद 'देशी, सात' एवढीच. घरातल्या बाईला विचाराल तर सात जणींचे सात स्वभाव. कबरी भांडखोर, कनकी टाकली की आधी तिची चोच, मग बाकीच्यांची. लाली भित्री. घारीची सावली पडली की सगळ्यांआधी तिचाच कलकलाट, आणि त्या भित्रेपणापायी आमची पिल्लं वाचतात. तुरेवाली अंडी भरपूर घालते, पण खुडूक बसली तर आठव्या दिवशी अंडी टाकून उंडारायला निघते. काळी अंडी कमी घालते, मात्र एकवीस दिवस जागची हलत नाही. पिल्लं निघाली की मुंगसाच्याही अंगावर धावते. म्हणून तुरेवालीची अंडी काळीखाली ठेवायची. हा हिशेब कोणत्या वहीत नाही, बाईच्या डोक्यात आहे.

नॉर्वेतल्या शेल्डरुप-एब्बे नावाच्या माणसानं लहानपणापासून कोंबड्या न्याहाळल्या आणि १९२१ च्या सुमारास मांडलं, की कळपात कोणी कोणाला टोचायचं याची उतरंड ठरलेली असते. विद्वानांना तो मोठा शोध वाटला. आमच्या बाया म्हणाल्या असत्या, "एवढं तं आमालेबी मालूम हाये."

आम्हा गड्यांना मात्र मालूम नव्हतं. एका वर्षी व्यापारी दारात आला. काळी वजनानं भारी, अंडी कमी. आम्ही काट्यावर टाकली आणि विकली. त्या पावसाळ्यात दोन वेळा अंडी बसवली, हाती लागली तीन पिल्लं. घरात चार दिवस कोणी आमच्याशी धड बोललं नाही, ते बरोबरच होतं. बकऱ्यांचंही तसंच. कळपात पुढे चालणारी एखादीच असते. ती बाजारात गेली की राखणाऱ्या पोराचे पाय तुटतात.

यंत्रात उबवलेली सुधारित पिल्लं मिळतात, ती अंडी जास्त देतात हे खरं. घ्यावीत. पण जास्त अंड्यांसाठी निवडलेल्या जातीत खुडूक बसण्याचा गुण मागे पडतो. शिवाय आई नसलेल्या पिल्लाला घार कोण ओळखून देणार? घरात खुडूक काळी असेल तर एक दिवसाची पिल्लं रात्री अंधारात तिच्या पोटाखाली सारावीत. बहुतेक वेळा ती आपलीच समजून घेते.

आता खरं दुखणं. मानमोडी, म्हणजे राणीखेत. एकदा गावात शिरली की खुराडी रिकामी करून जाते, तेव्हा लस आधीच हवी. कुपी शंभर मात्रांची असते, आणि लस कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. सात कोंबड्यांसाठी ती कोण फोडणार? पंधरा घरांनी एक दिवस ठरवला तर फुटते. टोचायचं पहाटे, कोंबड्या खुराड्यात शांत असताना.

पण लाली खुराड्यात नसतेच, ती चिंचेवर झोपते. लसवाला येतो आणि जातो, लाली तशीच राहते. तिला आठवडाभर आधीपासून सांजच्याला खुराड्यातच कनकी टाकून सवय लावावी लागते. हे काम लसवाल्याचं नाही आणि आमच्यासारख्या भाषण करणाऱ्यांचंही नाही. ज्या हातची कनकी तिला ओळखीची आहे, त्याच हाताचं आहे.

तेव्हा पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावानं आपल्या कोंबड्यांचा आकडा आणावा. झाडावर झोपणाऱ्या वेगळ्या लिहाव्यात. आणि गड्यांनी अंदाजानं भरू नये, घरात विचारून लिहावं.